भोकनळ, दत्तू बबन
(५ एप्रिल १९९१ – ). भारतीय नौकानयनपटू. जन्म नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यात तळेगाव रोही येथे. हा दुष्काळी पट्टा. नदी-तलावातल्या शर्यतींची परंपरा तिथे नाही. वडील विहिरी खोदण्याची मजुरी करीत आणि दत्तूही त्यांच्या हाताखाली राबे. २०११ मध्ये ते कर्करोगाने वारले. शिक्षण सांभाळत दत्तूने पेट्रोल पंपावरही काम केले. २०१२ मध्ये तो लष्कराच्या खडकी येथील बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये दाखल झाला.

त्याची उंची हेरून प्रशिक्षक कुदरत अली यांनी त्याला नावेत बसवले. सुरुवातीला त्याला पाण्याची भीती वाटे. पुढे पुण्याच्या आर्मी रोइंग नोडमध्ये तो तयार झाला. शाळा-महाविद्यालयांतून नौकानयनपटू घडण्याची सोय आपल्याकडे फारशी नाही. ते काम लष्करातले प्रशिक्षकच करतात आणि बोट, जलाशय, खुराक, पगार या गोष्टीही लष्करच पुरवते. राष्ट्रीय प्रशिक्षक इस्माईल बेग (द्रोणाचार्य पुरस्कार, २००५) यांच्या हाताखाली त्याचे वल्हवणे आंतरराष्ट्रीय दर्जाचे झाले.

सिंगल स्कल्स हा त्याचा मुख्य प्रकार. यात एकट्याने, दोन वल्ह्यांनी, अंतिम रेषेकडे पाठ करून २,००० मीटर अंतर कापायचे असते. २०१५ च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्याला रौप्यपदक मिळाले. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील चुंगजू येथील शर्यतीतून तो रिओ ऑलिंपिकला पात्र ठरला. तेव्हा अपघातात डोक्याला मार लागलेली आई अंथरुणाला खिळून होती. रिओत भारताचा तो एकमेव नौकानयनपटू. उपांत्यपूर्व फेरीत चौथा आल्याने पदकाची वाट बंद झाली, पण ‘क’ गटाची अंतिम शर्यत त्याने ६ मिनिटे ५४.९६ सेकंदांत जिंकली आणि एकूण १३ वा क्रमांक मिळवला. याच प्रकारात बजरंगलाल ताखर २००८ मध्ये २१ वा, तर स्वर्ण सिंग २०१२ मध्ये १६ वा आला होता. हे पाहिले, की त्या १३ व्या क्रमांकाचे मोल कळते. वर्तमानपत्रांनी मात्र कामगिरीपेक्षा दारिद्र्याचीच कहाणी अधिक रंगवली.

२०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत आजारपणामुळे एकेरीत तो मागे पडला. दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्टला, स्वर्ण सिंग, ओमप्रकाश व सुखमीत सिंग यांच्यासह चौघांच्या क्वाड्रपल स्कल्स शर्यतीत त्याने सुवर्णपदक पटकावले. तरीही एकेरीत मुद्दाम वल्हवणे थांबवल्याचा ठपका ठेवून भारतीय नौकानयन महासंघाने २०१९ मध्ये त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. ती जानेवारी २०२० मध्ये उठवण्यात आली. त्याच वर्षी त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला.