रस्सा म्हाताऱ्या कोंबडीचा

अमेरिकेच्या दक्षिण भागात 'चिकन अँड डम्प्लिंग्ज'बद्दल कुणालाही विचारा, हा १९३०च्या दशकातल्या मंदीतला पदार्थ, असं उत्तर हमखास मिळतं. घरात काही नव्हतं, म्हणून मैद्याच्या पट्ट्या रश्शात सोडून एक कोंबडी दहा तोंडांना पुरवली, अशी ती गोष्ट. मला ती पटत नाही. मंदीच्या कितीतरी आधीपासून हा पदार्थ इथे शिजत आला आहे आणि त्याचं मूळ शोधायचं तर खुराड्यापाशी जावं लागतं. अंडी द्यायची बंद झालेल्या कोंबडीचं करायचं काय, यातून तो घडला.

मी कराडकडची. नॉर्थ कॅरोलिनात राहायला आल्यावर तंबाखूच्या शेतावर वाढलेल्या एका शेजारीणबाईंनी मला तो शिकवला. त्यांचा पहिला दंडक कोंबडीबद्दलच होता: तलंग नको, थोराड हवी. ती कांदा आणि सेलरीच्या दांड्यांबरोबर मिठाच्या पाण्यात तीन तास मंद आचेवर ठेवायची, खळखळू द्यायची नाही. वर पिवळाधमक तवंग येतो. मांस हाडापासून सुटलं की काढून घ्यायचं. मैद्याला डुकराच्या चरबीचं मोहन, आणि भिजवायला पाण्याऐवजी तोच रस्सा, गार करून. पोळी पातळ लाटायची, दोन बोटं रुंद पट्ट्या कापायच्या. पट्ट्यांवरचं कोरडं पीठ झटकायचं नाही, रश्शाला दाटपणा त्यानेच येतो. मग उकळीत एकेक पट्टी सोडायची, एकीवर दुसरी चिकटू द्यायची नाही. डाव घालायचा नाही. भांडं कानांना धरून हलवायचं. पहिला घास घेतला आणि मला घरच्या चिकोल्या आठवल्या.

थोराड कोंबडीचा हट्ट उगीच नाही. वय वाढतं तसे स्नायूंना बांधून ठेवणारे धागे घट्ट होत जातात. असं मांस भाजलं तर चावत नाही. सावकाश शिजवलं तर तेच धागे विरघळून रश्शात उतरतात आणि रस्सा बोटांना चिकटण्याइतका दाट होतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इथल्या शेतावर कोंबडी होती ती अंड्यांसाठी. ते खातं घरच्या बाईचं. अंडी दुकानात द्यायची आणि बदल्यात साखर, कॉफी, कापड घ्यायचं. अंडी देणारी कोंबडी कोण कापणार? उन्हाळ्यात जास्तीचे कोवळे कोंबडे तळणीत जात, आणि अंडी आटलेल्या कोंबड्या थंडीच्या तोंडावर भांड्यात. तेव्हा कोंबडीचं जेवण म्हणजे रविवार, पाहुणे किंवा शेतावरच्या गड्यांची पंगत.

त्याही मागे गेलं की ही गोष्ट गुलामांच्या झोपड्यांपाशी पोचते, आणि माझ्या मते ती तिथूनच सांगायला हवी. व्हर्जिनियात १६९२ साली कायदा झाला, गुलामांकडची घोडी, गुरं आणि डुकरं जप्त करण्याचा. कोंबड्यांचा त्यात उल्लेख नाही. १७९८ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्ननच्या मळ्यावर निएमसेविच हा पोलिश लेखक गेला होता. गुलामाची झोपडी, शेजारी भाजीचा तुकडा, पाच-सहा कोंबड्या आणि त्यांची पिल्लं, असं त्याने लिहून ठेवलं. बदकं, हंस, डुकरं पाळायला त्यांना मनाई होती. या कोंबड्या ते ॲलेक्झांड्रियाच्या बाजारात विकत. म्हणजे कोंबडी पाळणं आणि विकणं यातला मोठा अनुभव काळ्या माणसांच्या हातात होता, आणि मोठ्या घरांच्या चुलीपुढेही बहुतेक ठिकाणी काळ्या बायाच उभ्या होत्या. पाककृतींची पुस्तकं निघाली ती मालकिणींच्या नावाने. दक्षिणेची चव म्हणून आज जिचं कौतुक होतं, ती ज्यांच्या हातची त्यांची नावं त्यात नाहीत, याचा मला राग येतो.

पिठाचाही थोडा इतिहास आहे. इथला मऊ, हिवाळी गहू चिवट नसतो, म्हणून पट्ट्या लुसलुशीत होतात. टेनेसीतल्या नॉक्सव्हिलची 'व्हाइट लिली' गिरणी १८८३ पासून २००८ मध्ये बंद होईपर्यंत असंच पीठ देत होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेकिंग पावडर घरोघरी पोचली, तेव्हापासून चमच्याने सोडायचे फुगीर गोळेही आले. दोन्ही बाजूंचे लोक आपलंच खरं म्हणून भांडतात. मी लाटलेल्या पट्ट्यांच्या बाजूची.

मग १९२३ उजाडलं. डेलावेअर राज्यातल्या ओशन व्ह्यू गावच्या सीलिया स्टील यांनी अंड्यांसाठी पन्नास पिल्लं मागवली. चुकून पाचशे आली. त्यांनी परत पाठवली नाहीत, वाढवली, आणि जगलेली ३८७ कोवळ्या वयातच मांसासाठी विकली, पौंडाला ६२ सेंट भावाने. तीन वर्षांत त्यांच्याकडे दहा हजार पक्ष्यांची शेड उभी होती. पुढे 'ए अँड पी' या किराणा दुकानांच्या साखळीने सरकारी कृषी खात्याला बरोबर घेऊन 'उद्याची कोंबडी' अशी स्पर्धाच भरवली. १९४८ च्या अंतिम फेरीत कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स व्हॅन्ट्रेस यांचा संकर जिंकला: रुंद छातीचा, झटपट वाढणारा. १९२५ मध्ये ११२ दिवसांत जेमतेम १.१ किलोची होणारी कोंबडी आता सुमारे ४७ दिवसांत तीन किलोच्या आसपास जाते.

कोंबडी स्वस्त झाली, गरिबाच्या ताटात रोज आली. हे चांगलंच झालं. पण सात आठवड्यांच्या पक्ष्यात रश्शाला द्यायला काही साठलेलंच नसतं. पाऊण तासात मांस शिजतं आणि खाली पाणी उरतं. म्हणून तर डब्यातलं क्रीम सूप, मसाल्याच्या वड्या आणि फ्रीजमधली तयार पट्टी यांची गरज पडू लागली. ज्या रश्शासाठी हा पदार्थ होता तोच आता डब्यातून ओतावा लागतो.

थोराड कोंबडी अजून मिळते, विचारावी लागते. कृषी खात्याच्या वर्गवारीत दहा महिन्यांवरची मादी 'हेन'मध्ये धरतात. ओळखायची खूण छातीच्या हाडाचं टोक: कोवळ्या पक्ष्याचं लवतं, हिचं टणक असतं. मला ती चिनी दुकानाच्या फ्रीझरमध्ये सापडते, डोक्या-पायांसकट. पाय टाकून देऊ नयेत, रस्सा सगळ्यात जास्त त्यांनीच धरतो. शेतकऱ्यांच्या बाजारात अंडी विकणाऱ्यांकडे थंडीच्या आधी नाव नोंदवून ठेवलं, तर ते जुन्या कोंबड्या काढताना एखादी बाजूला ठेवतात. आणा, कोमट पाण्याने धुवा, आणि तीन तास हाताशी असतील तेव्हाच चुलीवर चढवा.