घराचे वासे फिरले तेव्हा

मराठीत ‘घर’ ह्या शब्दापासून ‘घराणे’ हा शब्द झाला. भिंती व छप्पर ह्यांपलीकडे घराला कुळाचा अर्थ आहे, हे आपल्या भाषेने पूर्वीच मान्य केले आहे. न्यूझीलंडमधील माओरी लोकांनी हाच अर्थ लाकडात कोरून उभा केला. त्यांच्या सभागृहाला ‘फारेनुई’, म्हणजे मोठे घर, असे म्हणतात. आणि हे घर म्हणजे पूर्वजाचा देहच होय, अशी त्यांची धारणा आहे.

दर्शनी भागाच्या शिखरावर कोरलेला चेहरा हे त्या पूर्वजाचे मुख. तेथून दोन्ही अंगांना उतरणाऱ्या फळ्या हे त्याचे पसरलेले बाहू, व फळ्यांची टोके ही बोटे. छपराचे आढे हा पाठीचा कणा आणि वासे ह्या बरगड्या. जो आत पाऊल टाकतो तो पूर्वजाच्या कुशीत शिरतो. आतल्या भिंतींवर कोरीव फळ्यांच्या रांगा असतात. त्यांवर कुळातील स्त्रीपुरुषांच्या आकृती असतात. लेखनकला युरोपियनांबरोबर आली; त्यापूर्वी वंशावळ मुखोद्गत असे, आणि तिच्या स्मरणास अशा आकृतींचा आधार होता.

घराच्या आत आणि बाहेर ह्यांतही अर्थ भरलेला आहे. समोरचे अंगण युद्धदेवता तूमाताउएंगा ह्याचे; तेथे वाद कडाक्याने झडले तरी चालते. अंतर्भाग मात्र शांतिदेवता रोंगो ह्याचा. उंबरठा ओलांडला की वाणी सौम्य व्हावी, असा संकेत आहे. म्हणूनच पूर्वजांच्या मूर्ती आतून सभेकडे पाहत असतात.

ह्या संकेताचे मोल ‘माताआतुआ’ नावाच्या एका घराच्या इतिहासावरून कळते. १८६६ साली वसाहतीच्या सरकारने न्गाती आवा ह्या जमातीची सुमारे २,४५,००० एकर जमीन जप्त केली. भूमी गेलेल्या त्या लोकांनी विखुरलेली कुळे एकत्र यावीत म्हणून फाकाताने येथे हे घर उभारले, आणि १८७५ मध्ये ते खुले झाले. ज्या नौकेतून पूर्वज ह्या किनाऱ्यास लागले असे परंपरा सांगते, तिचेच नाव त्यास दिले.

अवघ्या चार वर्षांनी, १८७९ साली, सिडनीच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी सरकारने हे घर उतरवून नेले. तेथे ते रीतीप्रमाणे बांधणे खर्चाचे होते. म्हणून भिंती उलट्या लावल्या व आतले कोरीव काम बाहेरच्या बाजूस आणले. ‘घर फिरले की घराचे वासेही फिरतात’ ही आपली म्हण येथे अक्षरशः खरी ठरली. प्रेक्षकांना सुंदर नक्षी दिसली खरी. परंतु ज्यांनी सभेस कवेत घ्यावयाचे ते पूर्वज आता अनोळखी गर्दीकडे तोंड करून, ऊनपावसात उभे होते. लाकूड तेच होते, कारागिरी तीच होती. नाहीसा झाला होता तो अर्थ.

पुढे हे घर मेलबर्नला गेले व तेथून लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन संग्रहालयात पोहोचले. त्याचे भाग अनेक वर्षे नुसते साठवणीत पडून राहिले. १९२४ मध्ये वेंब्लीच्या साम्राज्य प्रदर्शनात ते पुन्हा उभे राहिले, आणि १९२५ मध्ये न्यूझीलंडला परतले. पण आपल्या गावी नव्हे, तर दक्षिण बेटावरील डनेडिन शहरी. तेथील ओटागो संग्रहालयात त्याची अनेक दशके गेली.

न्गाती आवांनी मागणी सोडली नाही. अखेर १९९६ साली ते घर परत देण्याचा करार झाला. डागडुजी व पुनर्बांधणी होऊन सप्टेंबर २०११ मध्ये, म्हणजे गाव सोडल्यानंतर १३२ वर्षांनी, ते फाकाताने येथे पुन्हा खुले झाले. आणि पूर्वजांच्या आकृती पुन्हा आतल्या बाजूस आल्या.

कोणत्याही समाजाचे जुने घर पाहताना त्याच्या नक्षीचे कौतुक आपण सहज करतो. परंतु ती नक्षी कोणासाठी कोरली आणि तिचे तोंड कोणीकडे आहे, हेही विचारावयास हवे. संग्रहालयाने माताआतुआचे लाकूड जपले, हे उपकार लहान नव्हेत. त्याचे घरपण मात्र त्याच्या माणसांपाशीच राहिले होते.