वेबचा दुसरा ब्राउझर आणि त्यामागची नवशिकी विद्यार्थिनी

वेबसाठी पान रचायला शिकणारा विद्यार्थी, मग तो रायपूरच्या पंडरीत असो वा पुण्याच्या कोथरुडात, पहिला प्रकल्प म्हणून बहुधा एखादी यादीच करतो. पंडरीच्या कापड बाजारातील एखाद्या दुकानाची दरसूची, वर्गमित्रांचे दूरध्वनी क्रमांक, रोजच्या कामांची नोंद. अनुभवी मंडळी अशा प्रकल्पांकडे किंचित हसून पाहतात. हे हसू अनाठायी आहे. वेबने सर्वप्रथम लोकांची जी खरी गरज भागवली, तीही दूरध्वनी क्रमांकांच्या यादीचीच होती. आणि ती यादी ज्या साधनातून वाचली गेली, ते प्रोग्रामिंगमध्ये जवळजवळ नवख्या असलेल्या एका विद्यार्थिनीने लिहिले होते.

टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या कण-भौतिकी प्रयोगशाळेत माहितीच्या जाळ्याचा प्रस्ताव मांडला. १९९० च्या अखेरीस पहिला सर्व्हर, पहिले पान आणि पहिला ब्राउझर तयार झाले. तो ब्राउझर देखणा होता. त्यात पाने वाचता येत आणि तिथेच लिहिताही येत. अडचण एकच होती, पण मुळावर घाव घालणारी होती. तो फक्त ‘नेक्स्ट’ या महागड्या, विरळ संगणकावर चालत असे. सर्नमधील शास्त्रज्ञांकडे नाना कंपन्यांची यंत्रे होती, आणि कित्येकांपुढे तर केवळ अक्षरे दाखवणारा टर्मिनल होता. सर्व यंत्रांना जोडू पाहणारी कल्पना एकाच यंत्रात अडकून पडली होती.

नोव्हेंबर १९९० मध्ये निकोला पेलो ही इंग्लंडमधील लेस्टर पॉलिटेक्निकची गणिताची विद्यार्थिनी प्रशिक्षणासाठी सर्नमध्ये दाखल झाली. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून थोडे पास्कल आणि थोडे फोरट्रान, एवढीच तिची प्रोग्रामिंगची शिदोरी होती. तिच्याकडे आलेले काम मात्र ‘सी’ भाषेतले होते : कोणत्याही संगणकावर चालेल असा ब्राउझर.

यातून ‘लाइन मोड ब्राउझर’ जन्मला. त्याची रचना समजून घेण्याजोगी आहे. टर्मिनलवर माउस असेलच असे नाही, चित्र उमटेलच असे नाही. कर्सर पडद्यावर हवा तिथे नेता येईल याचीही शाश्वती नाही. मग हमखास काय जमते? एकाखाली एक ओळी छापणे आणि कळफलकावरून टंकलेले वाचणे. पेलोच्या ब्राउझरने एवढ्यावरच भागवले. मजकुरातील प्रत्येक दुव्यापुढे चौकटी कंसात क्रमांक येई. वाचकाने तो क्रमांक टंकून एंटर दाबले की पुढचे पान उमटे. रंग नाही, चित्र नाही, ठळक अक्षरांचा थाट नाही. भौतिकीत एखादी समस्या सोडवताना अनावश्यक चल राशी वगळत जावे, तशी ही वजाबाकी होती. हे वगळणे कौशल्याच्या अभावातून आले असे कुणी म्हणेल, पण ते बरोबर नाही. साधेपणा ही कामाची अटच होती.

मार्च १९९१ मध्ये हा ब्राउझर सर्नमधील निरनिराळ्या यंत्रांवर मोजक्या लोकांना वापरायला मिळाला. तिथली दूरध्वनी सूची एका मोठ्या मध्यवर्ती संगणकावर होती आणि तेवढ्यासाठी लोकांना त्या यंत्रात स्वतंत्रपणे प्रवेश करावा लागे. बर्न्ड पॉलरमान यांनी ती सूची वेबवर आणली. हायपरटेक्स्टच्या तत्त्वज्ञानाशी काडीचे देणेघेणे नसलेले लोकही सहकाऱ्याचा नंबर शोधण्यासाठी वेब वापरू लागले. ऑगस्ट १९९१ मध्ये वेबची जाहीर घोषणा झाल्यावर तर काहीही न बसवता, दूरच्या संगणकावरून टेलनेटने सर्नच्या यंत्राशी जोडून हाच ब्राउझर चालवता येऊ लागला. वेबच्या पहिल्या वाचकांपैकी अनेकांची वेबशी ओळख अशी झाली. पेलो त्याच ऑगस्टच्या अखेरीस सर्न सोडून गेली, पदवी घेऊन १९९२ मध्ये परतली आणि रॉबर्ट कायो यांच्यासह मॅकिंटॉशसाठीचा पहिला ब्राउझर तयार करण्यात तिने भाग घेतला. वेबच्या लोकप्रिय इतिहासांत तिला सहसा एखादे वाक्य मिळते, तेही मिळाले तर.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. तेव्हाच्या स्वस्त ‘शेल’ खात्यांवर केवळ मजकूर दिसे. चित्रांसह वेब पाहायचे तर कितीतरी अधिक पैसे मोजावे लागत. म्हणजे आपल्याकडील पहिल्या पिढीच्या अनेक विद्यार्थ्यांनी वेब पाहिले ते पेलोच्या वाचकांसारखेच, काळ्या पडद्यावरच्या अक्षरांत.

ती अक्षरे मात्र रोमन होती. देवनागरीचा समावेश असलेली युनिकोडची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ मधली, वेबच्या घोषणेनंतर अवघ्या दोन महिन्यांची. पण ती घरोघरच्या संगणकांत उतरायला दशक लागले. परदेशस्थ मराठी मंडळींचे ‘मायबोली’ हे संकेतस्थळ १९९६ च्या गणेश चतुर्थीला सुरू झाले. त्या काळात मराठी मजकुराचे प्रत्येक फॉन्टचे संकेत वेगळे असत, आणि योग्य फॉन्ट नसला की ‘क’च्या जागी भलतेच चिन्ह उमटे. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला, तो युनिकोडच्या पायावर.

त्या अडचणीचा एक अवशेष आजच्या नवशिक्यालाही भेटतो. मराठीतले पहिले पान लिहिताना अक्षरसंकेत ‘यूटीएफ-८’ असल्याचे सांगणारी एक छोटी ओळ पानाच्या शिरोभागी टाकायची राहिली, तर ब्राउझर अनेकदा तो मजकूर युरोपीय अक्षरे समजून वाचतो आणि दुकानाच्या नावाऐवजी पडद्यावर टोपीवाल्या ‘ए’ अक्षरांची रांग उभी राहते.