घरच्या व्यायामशाळेत यंत्र हवे की सुटी वजने?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली आणि राज्यातील व्यायामशाळांना कुलुपे लागली, ती उघडली थेट त्या वर्षीच्या दसऱ्याला. या सात महिन्यांत शहरी मध्यमवर्गाला घरातच व्यायामाची सोय करण्याची निकड भासली आणि एरवी दुकानात धूळ खात पडणाऱ्या डंबेल्सचा तुटवडा निर्माण झाला. टाळेबंदी सरली, पण घरच्या व्यायामशाळेची कल्पना रुजली. मात्र, ती उभारताना दुकानाच्या दारातच ग्राहक अडखळतो. एका बाजूला पुली, केबल आणि एकावर एक रचलेल्या वजनांचे भारदस्त ‘मल्टी-जिम’. दुसऱ्या बाजूला सळया, प्लेट्स आणि डंबेल्स, म्हणजेच सुटी वजने. पहिल्याची किंमत बहुधा दुसऱ्याच्या कित्येक पट. मग घ्यावे काय?

हा प्रश्न केवळ पिळदार दंडांच्या हौसेचा नाही. तिशीनंतर स्नायू हळूहळू घटू लागतात आणि साठीनंतर ही घट वेग घेते. खुर्चीतून उठताना हातांचा आधार लागणे किंवा जिना उतरताना कठडा धरावासा वाटणे, ही अनेकदा त्याचीच पहिली खूण असते. जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचा मोठा वाटा स्नायूच शोषून घेतात, त्यामुळे मधुमेहींच्या दृष्टीनेही त्यांचे महत्त्व मोठे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूंना ताण देणारा व्यायाम सुचवला आहे. घेतलेले साधन कोपऱ्यात पडून राहिले, तर नुकसान फक्त पैशांचे होत नाही. बाल्कनीतल्या यंत्रावर टॉवेल वाळत घातलेले दिसतात, हे काही केवळ विनोदाचे चित्र नव्हे.

दोन जुन्या परंपरा

सुटी वजने मराठी माणसाला नवी नाहीत. तालमीतील मुद्गलांची जोडी, खिळे ठोकलेला करेला, गदा, दगडी नाल आणि सुमतोला ही सारी सुटी वजनेच. यंत्रांचा इतिहासही वाटतो तितका अलीकडचा नाही. स्वीडनचे डॉक्टर गुस्ताव झांडर यांनी १८६५ मध्ये स्टॉकहोम येथे तरफा आणि वजनांवर चालणाऱ्या उपकरणांची संस्था सुरू केली, ती रुग्णांच्या उपचारांसाठी. पुढे १९७० मध्ये अमेरिकेतील आर्थर जोन्स यांनी ‘नॉटिलस’ यंत्रे बाजारात आणली. त्यांतील चाक गोल नसून शंखाच्या आकाराचे होते. सांध्याचा कोन बदलेल तशी स्नायूची ताकद कमीजास्त होते आणि हे चाक त्या प्रमाणात भारही बदलत असे. आज व्यायामशाळांत दिसणाऱ्या कित्येक यंत्रांमागे हीच कल्पना आहे.

स्नायू मात्र साधनांचा असा भेद करीत नाहीत, असेच संशोधन सांगते. दोन्ही पद्धतींची तुलना करणाऱ्या १३ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हजाराहून अधिक व्यक्तींचा समावेश होता. स्नायूंची वाढ दोन्ही गटांत सारखीच आढळली. फरक दिसला तो ताकदीच्या चाचणीत. सुट्या वजनांवर सराव करणारे सुटी वजने उचलण्यात पुढे राहिले, तर यंत्रावर सराव करणाऱ्यांचा कल यंत्रावरच्या चाचणीत सरस ठरण्याकडे होता. ज्याचा सराव, त्यात प्रगती, एवढाच याचा अर्थ.

प्रत्यक्ष आयुष्यात मात्र भार कोणत्याही दांडीवरून सरकत येत नाही. गॅसचा सिलिंडर हलवायचा, रेल्वेच्या फळीवर बॅग चढवायची, नातवाला कडेवर घ्यायचे, तर तोल माणसालाच सांभाळावा लागतो. यंत्रात भाराचा मार्ग ठरलेला असल्याने तोल सावरणाऱ्या लहान स्नायूंना काम कमी पडते. डंबेल्सचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे दोन्ही हातांना आपापला भार स्वतंत्रपणे पेलावा लागतो आणि उजव्या-डाव्यातील तफावत पहिल्याच दिवशी उघडी पडते.

अर्थात सुटी वजनेही सर्वगुणसंपन्न नाहीत. गुरुत्वाकर्षण फक्त खाली ओढते. त्यामुळे वरून खाली खेचण्याचा व्यायाम, म्हणजे ‘लॅट पुलडाउन’, डंबेल्सनी साधत नाही. त्यासाठी पुली तरी हवी किंवा दारात बसवलेला पुल-अप बार तरी.

एकट्याने करताना

सर्वांत गंभीर मुद्दा सुरक्षिततेचा आहे. व्यायामशाळेत ‘बेंच प्रेस’ करताना डोक्याशी कुणीतरी उभे असते. घरात पहाटे पाच वाजता कुणी नसते. दमलेल्या हातांतून बारबेल छातीवर किंवा गळ्यावर आल्याने जीव गमावल्याच्या घटना घडल्या आहेत. म्हणून एकट्याने व्यायाम करणाऱ्याने दोन्ही बाजूंना आडव्या सुरक्षा-दांड्या असलेला रॅक नसेल, तर बारबेलने बेंच प्रेस करू नये. डंबेल्स निदान बाजूला सोडून देता येतात. यंत्राची खरी बाजू येथे उजवी ठरते. हात सुटले तरी वजन आपल्या दांड्यांवरून जागेवर येते, अंगावर नाही. गुडघ्याच्या दुखापतीतून सावरणारे, तोल जाण्याची भीती असलेले आणि पन्नाशीनंतर प्रथमच भार उचलणारे यांच्यासाठी ही सोय मोलाची आहे. अमेरिकेत मारिया फियाटारोन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नव्वदीच्या आसपासच्या वृद्धांनी आठ आठवडे पुलीच्या यंत्रावर मांड्यांचा व्यायाम केला. तो पूर्ण करणाऱ्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. वय झाले म्हणून भार उचलू नये, या समजुतीला याहून चांगले उत्तर सापडणे कठीण. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी मात्र आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि वजन उचलताना श्वास कोंडून धरू नये. त्याने रक्तदाब एकदम चढतो.

यंत्र घ्यायचेच असेल, तर त्यावर बसून पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत. पाय सरळ करण्याच्या व्यायामात यंत्राची खीळ आणि गुडघा एका रेषेत यायला हवेत. आसन पुढेमागे होत नसेल, तर कमी उंचीच्या व्यक्तींना, विशेषतः महिलांना, ते जमत नाही आणि गुडघ्यावर नाहक ताण येतो. दुसरे, वजनाच्या पायऱ्या पाहाव्यात. अनेक यंत्रांत एकेक पट्टी १० पौंडांची, म्हणजे साधारण साडेचार किलोची असते. नवशिक्या खांद्याला ही उडी फार मोठी. फिरत्या पुलीतून केबल गेली असेल, तर ६८ किलोचा आकडा हाताला निम्माच जाणवतो, हेही लक्षात असू द्यावे. केबलचे वेष्टण पुलीपाशी फाटले किंवा आतील तारा दिसू लागल्या, तर ती तत्काळ बदलावी. शिवाय घर बदलताना यंत्र उतरवायला आणि पुन्हा जोडायला मिस्त्री लागतो. भाड्याच्या घरांत राहणाऱ्यांनी हा हिशेब आधीच करावा.

सुट्या वजनांतही फसगत होते. सिमेंट भरलेल्या प्लास्टिकच्या प्लेट्स स्वस्त पडतात, पण जाड असल्याने सळईवर चारच प्लेट्समध्ये जागा संपते. लोखंडी किंवा रबर चढवलेल्या प्लेट्स अधिक टिकाऊ. मुंबई-कोकणच्या दमट हवेत उघड्या लोखंडाला गंज धरतो, म्हणून ते अधूनमधून पुसून तेलाचा हात फिरवावा लागतो. प्लेटचे भोक सळईला जुळते का, ही साधी गोष्टही अनेकजण विसरतात. स्पर्धेच्या दर्जाच्या बारची टोके ५० मिलिमीटर जाड असतात. त्यावर साध्या प्लेट्स बसत नाहीत आणि त्याच्या प्लेट्स साध्या सळईवर डगडगतात. असा बार सव्वादोन मीटरच्या जवळपास लांब आणि २० किलोचा असतो. दहा बाय दहाच्या खोलीत पलंग-कपाट सांभाळून तो फिरवणे अशक्यच.

इमारतीच्या स्लॅबची चिंता अनेकांना असते. भारतीय मानक संहितेनुसार निवासी खोल्यांसाठी दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार गृहीत धरला जातो. दोन डंबेल्स आणि एक बाक यांनी त्याला धोका नाही. अवजड यंत्र भिंतीलगत, तुळईच्या बाजूला ठेवणे बरे. फरशी फुटते आणि खालच्या मजल्याशी भांडण होते ते वजन आपटल्याने, म्हणून जाड रबरी मॅट पहिल्या दिवशीच घ्यावी.

निरोगी आणि कामकाजी वयातील बहुतेकांना प्लेट्स बदलता येतील अशा डंबेल्सची जोडी, पाठ उंच-सखल करता येणारा बाक आणि दारातला बार एवढ्यावर दोनेक वर्षे सहज काढता येतात. पहिले काही आठवडे जवळच्या व्यायामशाळेत प्रशिक्षकाकडून पाठ सरळ ठेवून बैठक मारणे आणि जमिनीवरून वजन उचलणे शिकून घ्यावे, मग खरेदी करावी. मल्टी-जिमसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतून ही शिकवणीही बहुधा भागते.