रणजी करंडक संघनिवड

रणजी करंडक या भारतातील प्रमुख प्रथम श्रेणी क्रिकेट स्पर्धेसाठी राज्य व संस्थात्मक संघांमध्ये खेळाडू निवडण्याच्या पद्धतीस रणजी संघनिवड असे म्हणतात. ही स्पर्धा १९३४-३५ च्या हंगामात सुरू झाली. सध्या तीत ३८ संघ भाग घेतात. प्रत्येक संघातून अकराच खेळाडू मैदानात उतरत असल्याने एका फेरीत देशभरातील अवघ्या ४१८ खेळाडूंना संधी मिळते. क्लब, शाळा व कार्यालयीन स्पर्धांतून खेळणाऱ्यांच्या प्रचंड संख्येपुढे हा आकडा फारच लहान आहे. त्यामुळे निवडीचा निर्णय अनेकदा खेळाडूच्या संपूर्ण कारकिर्दीची दिशा ठरवतो.

पार्श्वभूमी

प्रारंभीच्या काळात संस्थानिकांचे संघही स्पर्धेत असत आणि संघात कोण असावे हे बव्हंशी आश्रयदाता ठरवीत असे. पुढे राज्य संघटना बळकट झाल्या आणि निवड समितीची पद्धत रूढ झाली. २००१-०२ पर्यंत स्पर्धेची साखळी उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम व मध्य अशा पाच विभागांत खेळली जाई. २००२-०३ पासून एलिट व प्लेट असे गट आले.

विभागीय पद्धतीचा निवडीवर खोल परिणाम होत असे. मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात व सौराष्ट्र हे सर्व पश्चिम विभागात होते. मुंबईने १९५८-५९ ते १९७२-७३ असे सलग १५ वेळा अजिंक्यपद मिळवले. त्या काळात शेजारच्या संघांतील गुणी खेळाडूंना बादफेरीचे, म्हणजेच राष्ट्रीय निवड समितीच्या नजरेत भरणारे सामने फारसे लाभले नाहीत.

२०१८-१९ च्या हंगामात ईशान्येकडील सहा राज्ये, बिहार, उत्तराखंड व पुदुच्चेरी असे नऊ संघ नव्याने दाखल झाले. त्याआधी या भागांतील होतकरू खेळाडूला दुसऱ्या राज्याचे दार ठोठावण्यावाचून गत्यंतर नव्हते.

निवड समिती व संभाव्य खेळाडू

राज्य संघटना वरिष्ठ गटासाठी आणि १६, १९ व २३ वर्षांखालील गटांसाठी निवड समित्या नेमते. या वयोगटांच्या राष्ट्रीय स्पर्धांना अनुक्रमे विजय मर्चंट, कूचबिहार व कर्नल सी. के. नायडू यांच्या नावाचे करंडक आहेत. १६ वर्षांखालील मुलांच्या बाबतीत मनगटाच्या हाडांची क्ष-किरण तपासणी केली जाते. जन्मदाखल्यावरील वय कमी दाखवण्याचे प्रकार रोखणे हा तिचा हेतू आहे. या तपासणीत बाद ठरलेल्या मुलाला वरच्या गटात थोराड मुलांशी स्पर्धा करावी लागते आणि तिथेच अनेकांचा प्रवास थांबतो.

हंगामापूर्वी संभाव्य खेळाडूंची यादी जाहीर होते. त्यांचे शिबिर व सराव सामने होऊन त्यातून सुमारे पंधरा-सोळा जणांचा संघ निवडला जातो. बहुतेक संघटना तो एक-दोन सामन्यांपुरताच जाहीर करतात. अंतिम अकरा जणांची निवड कर्णधार व प्रशिक्षक खेळपट्टी पाहून करतात. संभाव्य यादीत नाव आले म्हणजे निवड झाली, असा गावोगावी होणारा समज बरोबर नाही. ती केवळ पहिली चाळणी असते.

निवडीचा अधिकार नेमका कोणाचा, हा प्रश्न क्वचित विकोपालाही जातो. जानेवारी २०२४ मध्ये पाटणा येथे मुंबईविरुद्धच्या सामन्यासाठी बिहारचे दोन वेगवेगळे संघ मैदानावर हजर झाले. एक संघटनेच्या अध्यक्षांनी निवडलेला होता आणि दुसरा सचिवांनी. अखेर अध्यक्षांच्या यादीतील संघ खेळला. याच सामन्यात वैभव सूर्यवंशीने वयाच्या तेराव्या वर्षात प्रथम श्रेणी पदार्पण केले. दुसऱ्या यादीतील खेळाडू मात्र पांढरा गणवेश घालून मैदानापर्यंत येऊनही खेळू शकले नाहीत.

मुंबई, महाराष्ट्र व विदर्भ

महाराष्ट्र राज्यात तीन स्वतंत्र संघटना आहेत व तिघींची निवडीची धाटणी निराळी आहे.

मुंबईत हॅरिस व गाइल्स शिल्ड या शालेय स्पर्धा, पावसाळ्यात ओल्या खेळपट्ट्यांवर होणारी कांगा लीग आणि कार्यालयीन संघांची टाइम्स शिल्ड अशी उतरंड पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. आझाद मैदान व शिवाजी पार्कवरील खेळ निवड समितीचे सदस्य प्रत्यक्ष पाहू शकत. अंतरे कमी आणि स्पर्धा तीव्र असल्याने एका खराब हंगामानंतरही जागा जाई. मुंबईकर फलंदाजाच्या ‘खडूस’पणाचे मूळ बऱ्याच अंशी या टंचाईत आहे.

महाराष्ट्र संघटनेचे क्षेत्र याच्या अगदी उलट, म्हणजे विस्तीर्ण आहे. पुण्यातील डेक्कन जिमखाना, पी. वाय. सी. हिंदू जिमखाना, पूना क्लब यांसारख्या संस्थांच्या खेळाडूंना नाशिक, कोल्हापूर, सोलापूर वा जळगावच्या खेळाडूंपेक्षा निवड समितीसमोर खेळण्याचे प्रसंग स्वाभाविकच अधिक येतात. जिल्ह्यातील खेळाडूने पुण्यात येऊन क्लब धरावा, ही अलिखित अट दीर्घकाळ राहिली. महाराष्ट्राने प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० व १९४०-४१ मध्ये अजिंक्यपद पटकावले. त्यानंतर संघ अनेकदा अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, पण करंडक हाती लागला नाही. २०१३-१४ मध्ये अंतिम फेरी गाठताना केदार जाधवने त्या हंगामातील सर्वाधिक १,२२३ धावा केल्या. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्याने भारतीय एकदिवसीय संघात पदार्पण केले.

विदर्भ हा सुमारे सहा दशके दुर्लक्षित राहिलेला संघ. नागपूरजवळच्या खापरखेड्यातील कोळसा खाणकामगाराचा मुलगा उमेश यादव २००८ मध्ये विदर्भाकडून प्रथम खेळला आणि २०११ मध्ये कसोटीपटू झाला. चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली व फैज फजलच्या नेतृत्वाखाली विदर्भाने २०१७-१८ व २०१८-१९ अशी लागोपाठ दोन अजिंक्यपदे मिळवली. २०२४-२५ मध्ये अक्षय वाडकर कर्णधार असताना तिसरे अजिंक्यपद आले. त्या हंगामात विदर्भाचा डावखुरा फिरकीपटू हर्ष दुबे याने ६९ बळी घेऊन एका हंगामातील सर्वाधिक बळींचा विक्रम केला.

राज्यबदल

ज्याला आपल्या राज्यात जागा नाही, तो ना हरकत प्रमाणपत्र घेऊन अन्य राज्याकडून खेळू शकतो. अशांना व्यावसायिक वा पाहुणे खेळाडू म्हणतात. मुंबईचा वसीम जाफर विदर्भाच्या पहिल्या दोन्ही विजेत्या संघांत होता. अर्जुन तेंडुलकर २०२२-२३ मध्ये गोव्याकडे गेला आणि पदार्पणातच राजस्थानविरुद्ध त्याने शतक केले. पाहुण्या खेळाडूंमुळे दुबळ्या संघांना अनुभव मिळतो, हे खरे. परंतु पाहुण्याने घेतलेली प्रत्येक जागा स्थानिक खेळाडूची असते, आणि नव्या संघांतील पालकांची तक्रार नेमकी हीच असते.

मानधन

२०२१ मध्ये मंडळाने जाहीर केलेल्या दरांनुसार ४० पेक्षा अधिक सामने खेळलेल्यास प्रतिदिन ६०,००० रुपये, २१ ते ४० सामने खेळलेल्यास ५०,००० रुपये व त्याहून कमी सामने खेळलेल्यास ४०,००० रुपये मिळतात. राखीव खेळाडूस याच्या निम्मी रक्कम मिळते. चार दिवसांच्या साखळी सामन्यात नवोदिताला अकरांत असल्यास १,६०,००० रुपये, तर राखीव असल्यास ८०,००० रुपये पडतात. संघाबाहेर राहिलेल्यास काहीच मिळत नाही. एकेकाळी निरलॉन, ए. सी. सी., मफतलाल अशा कंपन्या क्रिकेटपटूंना नोकऱ्या देत आणि रणजीतील जागा गेली तरी चूल पेटती राही. तो आधार आता बराच आटला आहे.

प्रतीक्षेत राहिलेले खेळाडू

रणजीतील कामगिरी ही राष्ट्रीय निवडीची हमी नव्हे. भाऊसाहेब निंबाळकर यांनी १९४८-४९ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विक्रम टप्प्यात असतानाच प्रतिस्पर्धी संघाने सामना सोडून दिला. निंबाळकर यांना अधिकृत कसोटी कधीच खेळावयास मिळाली नाही.

डावखुरे फिरकीपटू पद्माकर शिवलकर यांनी १२४ प्रथम श्रेणी सामन्यांत ५८९ बळी घेतले. १९७२-७३ च्या अंतिम सामन्यात चेपॉकवर तामिळनाडूविरुद्ध त्यांनी १६ धावांत ८ व १८ धावांत ५ बळी मिळवले. प्रथम श्रेणीत ७५० बळी घेणारे राजिंदर गोयल याच शैलीचे. या दोघांचा उमेदीचा काळ बिशनसिंग बेदींच्या काळाशी जुळला आणि संघात त्या शैलीची जागा एकच होती. दिलीप दोशी यांचीही तीच गत व्हायची, पण १९७९ मध्ये वयाच्या ३१ व्या वर्षी त्यांना संधी मिळाली आणि त्यांनी ३३ कसोटींत ११४ बळी घेतले. दोशींचे हे आकडे पाहता शिवलकर व गोयल यांना डावलले जाण्याचे कारण गुणवत्तेत शोधता येत नाही.

अमोल मुझुमदार याने १९९३-९४ मध्ये हरियाणाविरुद्ध पदार्पणातच २६० धावा केल्या. हा पदार्पणातील तत्कालीन विश्वविक्रम होता. पुढे ११,१६७ धावा व ३० शतके होऊनही तेंडुलकर, द्रविड, गांगुली व लक्ष्मण यांच्या मधल्या फळीत त्याला स्थान मिळाले नाही. २००६-०७ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली मुंबईने करंडक जिंकला. २०२५ मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाचा तो मुख्य प्रशिक्षक होता.

राष्ट्रीय निवडीशी संबंध

सरफराज खानने २०१९-२० मध्ये ९२८ व २०२१-२२ मध्ये ९८२ धावा केल्या. तरीही त्याचे कसोटी पदार्पण फेब्रुवारी २०२४ पर्यंत लांबले. राजकोटच्या त्या सामन्यात त्याने दोन्ही डावांत अर्धशतके केली. जयदेव उनाडकटला पहिल्या व दुसऱ्या कसोटीदरम्यान १२ वर्षे थांबावे लागले. दरम्यान २०१९-२० मध्ये त्याने ६७ बळी घेऊन सौराष्ट्राला पहिला करंडक मिळवून दिला होता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये श्रेयस अय्यर व ईशान किशन यांना मंडळाच्या वार्षिक करारातून वगळण्यात आले. त्यानंतर राष्ट्रीय खेळाडूंनी मोकळ्या काळात आपल्या राज्याकडून खेळावे, असा आग्रह वाढला. जानेवारी २०२५ मध्ये रोहित शर्मा मुंबईकडून व विराट कोहली दिल्लीकडून रणजी सामना खेळले. स्पर्धेची प्रतिष्ठा व प्रेक्षकसंख्या यामुळे वाढली. मात्र अशा सामन्यांत नियमित खेळणाऱ्या तरुणालाच जागा रिकामी करून द्यावी लागते.

कर्नाटक सोडून विदर्भात आलेल्या करुण नायरने २०२४-२५ च्या रणजी हंगामात ८६३ धावा केल्या व आठ वर्षांनी, जून २०२५ मध्ये, इंग्लंडविरुद्ध कसोटीत पुनरागमन केले. त्या दौऱ्यात एकच अर्धशतक झाल्यावर पुढील मालिकेसाठी त्याला वगळण्यात आले आणि २०२५-२६ मध्ये तो पुन्हा कर्नाटकाकडून रणजी खेळू लागला.