द विडोज ऑफ मलबार हिल
सुजाता मॅसी यांची इंग्रजी ऐतिहासिक रहस्यकादंबरी (२०१८). १९२१ च्या मुंबईत वडिलांच्या वकिली पेढीत काम करणारी पारशी युवती परवीन मिस्त्री हिला, एका मयत गिरणीमालकाच्या तिन्ही पडदानशीन विधवांनी आपला वारसाहक्क धर्मादायास सोडून दिल्याचे दस्तऐवज तपासताना, एकीच्या सहीच्या जागी नुसती फुली आढळते, आणि जिला मजकूर वाचताही येत नसावा तिची संमती खरी कशी मानावी, या संशयातून ती परपुरुषास मज्जाव असलेल्या जनान्यात शिरते; पुढे तेथील कारभाऱ्याचा खून होतो. पडद्याआडच्या स्त्रियांच्या मिळकतीसाठी झटलेल्या, नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी (१८६६–१९५४) यांची प्रेरणा परवीनमागे आहे. योगायोगावर न विसंबता कायद्याच्या ज्ञानातून उलगडणारा तपास हे या कृतीचे खरे सामर्थ्य होय. परवीनच्या कथांच्या याच मालिकेतील द सातापूर मूनस्टोन (२०१९) ही कादंबरी सह्याद्रीतील एका कल्पित संस्थानात घडते.