आमच्या गावचे डॉक्टर हाऊस

भारतातून पाहुणे आले की आम्ही त्यांना प्रिन्स्टन युनिव्हर्सिटी दाखवायला नेतो. वाटेत रूट वनवरून प्लेन्सबरोचं मोठं हॉस्पिटल दिसतं. पाहुणा पस्तीस-चाळिशीचा असेल तर हमखास विचारतो, "हेच का ते डॉक्टर हाऊसचं हॉस्पिटल?"

हे ते नव्हे. 'हाऊस' या मालिकेतलं प्रिन्स्टन-प्लेन्सबरो टीचिंग हॉस्पिटल संपूर्ण काल्पनिक. चित्रीकरण लॉस एंजेलिसला व्हायचं आणि हॉस्पिटल म्हणून वरून दाखवायचे ती इमारत प्रिन्स्टन युनिव्हर्सिटीच्या फ्रिस्ट कॅम्पस सेंटरची. पण योगायोग पहा. मालिकेचा शेवटचा भाग २१ मे २०१२ च्या रात्री दाखवला गेला आणि प्लेन्सबरोचं खरं हॉस्पिटल २२ मे २०१२ ला सुरू झालं. जणू खोट्या डॉक्टरने खऱ्यांच्या हातात किल्ल्या दिल्या!

मी ऑगस्ट २००४ मध्ये न्यू जर्सीत एमएस करायला आलो. त्याच नोव्हेंबरात ही मालिका सुरू झाली. दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये आम्ही पाच जण, कुणीतरी रस्त्यावरून उचलून आणलेला टीव्ही आणि मंगळवारी रात्री नऊला वरणभाताची ताटं घेऊन बसलेली मंडळी. पडद्यावर एक लंगडा, दाढी वाढलेला डॉक्टर. पांढरा कोट घालत नाही, पेशंटला भेटायचं टाळतो, सहकाऱ्यांचा अपमान करतो आणि खिशातल्या डबीतून व्हायकोडिनच्या गोळ्या काढून शेंगदाण्यासारख्या तोंडात टाकतो. तरीही शेवटच्या दहा मिनिटांत इतरांना न सापडलेला रोग याला सापडतो.

आम्हाला याची फार गंमत वाटायची, कारण आमच्या मनातला डॉक्टर वेगळा होता. सांगलीला आमचे फॅमिली डॉक्टर घरी आले की आजी त्यांना पाट मांडायची. त्यांनी दिलेल्या पुडीत काय आहे, हे विचारण्याची प्राज्ञा नव्हती. पडद्यावरचा डॉक्टर म्हणजे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, १९३८ साली चीनला जाऊन जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ मध्ये तिथेच देह ठेवणारे. व्ही. शांतारामांनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला. डॉक्टर म्हणजे देवमाणूस, हे आम्ही असं शिकलो होतो.

पुढे वाचनात आलं, की अमेरिकन टीव्हीवरचा डॉक्टरही एकेकाळी असाच देवमाणूस होता आणि तो तसा राहील याची काळजी घेतली जात होती. १९६१ साली 'डॉक्टर किल्डेअर' आणि 'बेन केसी' या दोन मालिका सुरू झाल्या. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने टीव्ही आणि चित्रपटांसाठी एक सल्लागार समिती नेमली होती. ती अशा मालिकांच्या संहिता तपासायची. वैद्यकीय तपशील बरोबर आहेत ना, हे तर ती पाहायचीच, शिवाय डॉक्टरची प्रतिमा मलिन होऊ नये याकडेही तिचं लक्ष असे. बेन केसी तिरसट होता, पण त्याचा तिरसटपणा पेशंटच्या भल्यासाठी.

या देवत्वाचा कळस म्हणजे १९६९ ते १९७६ या काळातले 'मार्कस वेल्बी, एम.डी.' पेशंटच्या घरी जाणारे, वडीलधारे, कधी न चुकणारे. पहिल्या पाच वर्षांत प्रेक्षकांकडून त्यांना अडीच लाखांवर पत्रं आली आणि त्यांतल्या बहुतेकांत वैद्यकीय सल्ला मागितलेला होता! ही भूमिका करणारे रॉबर्ट यंग प्रत्यक्षात अनेक वर्षं दारूच्या व्यसनाशी आणि नैराश्याशी झगडत होते. पुढे ते त्याबद्दल मोकळेपणाने बोललेही. निर्दोष डॉक्टरच्या मुखवट्यामागे एक दुखावलेला माणूस होता, पण मालिकेत त्याला जागा नव्हती.

ती जागा व्हिएतनाम युद्धाच्या काळाने करून दिली. सरकार, सैन्य, मोठ्या संस्था यांवरचा लोकांचा विश्वास उडत होता. १९७२ मध्ये 'मॅश' आली. तिच्यातला हॉकआय पियर्स दारू पितो, वरिष्ठांची टर उडवतो आणि शेवटच्या भागात मनाने कोलमडून मनोरुग्णालयात पोचतो. तो भाग २८ फेब्रुवारी १९८३ ला दहा कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. मग १९९४ मध्ये 'ई. आर.' आली. ती लिहिणारे मायकेल क्रायटन स्वतः हार्वर्डमधून डॉक्टर झालेले. १९९५ च्या एका भागात सज्जन डॉ. ग्रीनच्या चुकीच्या निर्णयांमुळे बाळंतीण दगावते. २००० साली डॉ. कार्टरला वेदनाशामकांचं व्यसन लागतं आणि सहकारीच त्याला उपचारांसाठी नेतात. याच सुमारास, १९९९ मध्ये, इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचा गाजलेला अहवाल आला. अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत वैद्यकीय चुकांमुळे वर्षाला ४४,००० ते ९८,००० माणसं मरतात, असा त्यातला अंदाज होता. डॉक्टर चुकतो, हे आता केवळ कथानक उरलं नव्हतं.

हाऊस आला तो या वाटेने. निर्माते डेव्हिड शोअर यांनी त्याला शेरलॉक होम्सवर बेतलं. घराचा नंबर तोच २२१ बी, वॉटसनच्या जागी विल्सन आणि होम्सच्या कोकेनच्या जागी व्हायकोडिन. पेशंट खोटं बोलतात, हा त्याचा सिद्धांत. ह्यू लॉरी या ब्रिटिश नटाने तो असा वठवला की त्याचे दोष आम्हाला दागिनेच वाटू लागले. त्या गोळ्यांना आम्ही हसायचो.

२०११ मध्ये माझ्या पाठीचं ऑपरेशन झालं. मणक्यातली चकती सरकली होती. घरी येताना त्याच गोळ्या मिळाल्या. पहिले दहा दिवस त्या खरोखरच लागल्या. पुढे दुखणं कमी झालं, पण गोळी घेतल्यावर क्लायंटची कटकट, डेडलाइन, ग्रीन कार्डची चिंता सगळं दूर गेल्यासारखं वाटायचं. त्या काळी हायड्रोकोडोनच्या अशा गोळ्या फोनवर रिफिल करून मिळत. दुखणं दहापैकी किती, असं विचारलं की मी आठ सांगायचो. असायचं तीन.

दोन महिन्यांनी बायकोने बाटलीतल्या गोळ्या मोजल्या. "तुझा डॉक्टर हाऊस झालाय," ती म्हणाली. मी हसलो. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी ती माझ्यासोबत डॉक्टरांकडे आली आणि मी खरा आकडा सांगितला. डॉक्टर क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "मीही विचारायला हवं होतं." त्यांनी हळूहळू मात्रा कमी करत तीन आठवड्यांत गोळ्या बंद केल्या. ते तीन आठवडे सोपे नव्हते.

मालिकेनेही शेवटी त्या गोळ्यांची किंमत दाखवली. २००९ मध्ये हाऊसला भास होऊ लागतात आणि तो मनोरुग्णालयात दाखल होतो. सरकारला जाग यायला आणखी वेळ लागला. ऑक्टोबर २०१४ पासून या गोळ्या अधिक कडक वर्गात गेल्या आणि त्यांचं रिफिल बंद झालं. २०२१ साली अमेरिकेत ओपिऑइडच्या अतिसेवनाने ८०,००० हून अधिक माणसं गेली. त्यांतल्या बहुतेकांच्या मृत्यूला फेंटानिल कारणीभूत होतं, पण या साथीची सुरुवात १९९० च्या दशकात डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांपासून झाली होती.

हे सगळं आपल्या अंकात लिहायचं कारण म्हणजे आपली एक सवय. मंडळाच्या पिकनिकला कुणाची कंबर धरली की दुसरा पर्समधून उरलेली गोळी काढून देतो. आई-वडील इथे आले की डॉक्टरांसमोर आपण दुभाषे होतो आणि नको ते गाळतो. डॉक्टर देव आहे असं मानलं की विचारायचं काहीच उरत नाही. तो माणूस आहे हे कळलं की त्याला खरं सांगणं ही आपली जबाबदारी होते.

मागच्या उन्हाळ्यात आईला तपासायला नेलं. नर्सने औषधांची यादी विचारली. मी सांगणार इतक्यात आईने पिशवीतून गावाकडच्या चूर्णाची बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. "हे पण सांग रे त्यांना," ती म्हणाली.

मी सांगितलं.